घर, वास्तू आणि भाषा : स्थलांतराच्या दोन कादंबऱ्या

स्थलांतरितांच्या जीवनावरील वसाहतोत्तर कादंबऱ्यांचा विचार करताना ‘घर हरवणे’ हे त्यांचे मुख्य सूत्र मानण्याचा प्रघात आहे. हे सूत्र खोटे नव्हे. परंतु ते बहुधा केवळ कथानकावरून काढलेले असते. पात्रे कोणत्या भाषेत बोलतात आणि लेखक ती भाषा कशी लिहितो, इकडे लक्ष दिले तर काहीसे निराळे चित्र दिसू लागते. प्रस्तुत टिपणात त्रिनिदाद बेटावर जन्मलेल्या दोन लेखकांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करावयाचा आहे.

व्ही. एस. नायपॉल यांची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी १९६१ साली, म्हणजे त्रिनिदाद स्वतंत्र होण्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाली. १८४५ ते १९१७ या काळात करारबद्ध मजूर म्हणून तेथे नेलेल्या भारतीयांच्या वंशजांचे जीवन हा तिचा विषय होय. तिच्या शीर्षकापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबले पाहिजे. इंग्रजीत राहण्याच्या वास्तूला एक शब्द आहे व आपलेपणाच्या ठिकाणाला दुसरा. मराठीतील ‘घर’ या दोहोंना सामावून घेते. नायपॉल यांनी निवडला आहे तो पहिला, भिंती-छपराचा शब्द. सासरच्या तुलसी कुटुंबाच्या ‘हनुमान हाउस’मधून सुटण्याची बिस्वास यांची धडपड अखेर सफल होते. वयाच्या ४६व्या वर्षी ते मरण पावतात, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनमधील घर त्यांचे असते. त्यावर तीन हजार डॉलरांचे कर्जही असते.

या कादंबरीतील संवादांची योजना अभ्यसनीय आहे. पात्रे आपसात हिंदी बोलतात तेव्हा नायपॉल ते बोलणे शुद्ध, प्रमाण इंग्रजीत देतात. तीच पात्रे इंग्रजी बोलू लागली की त्रिनिदादची बोली कागदावर उतरते. म्हणजे घरची भाषा निर्व्यंग आणि बाहेरची भाषा खुणावलेली, अशी ही वाटणी आहे. परंतु पुढील पिढीत हिंदी मागे पडत जाते आणि वडीलधाऱ्यांशी मुलांचा संवाद आखडतो. वास्तू हाती येते, त्याच सुमारास तिच्यात बोलावयाची जुनी भाषा निघून जाते.

सॅम्युअल सेल्व्हन यांच्या ‘द लोन्ली लंडनर्स’ (१९५६) या कादंबरीत नेमकी उलट स्थिती आढळते. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीजमधून लंडनला आलेल्या माणसांची ही कथा आहे. त्यांच्यापाशी भाड्याच्या खोल्यांपलीकडे काही नाही. मात्र येथे बोली केवळ संवादांपुरती उरत नाही. तिला साहित्यिक घाट देऊन सेल्व्हन यांनी संपूर्ण निवेदन तिच्यातच केले आहे. निवेदक पात्रांकडे प्रमाण भाषेच्या उंचीवरून पाहत नाही. तो त्यांच्यातलाच एक होऊन बोलतो. रविवारी सकाळी मोझेसच्या खोलीत मंडळी जमतात, तेव्हा त्या खोलीला जे घरपण येते ते या बोलण्यामुळे येते. वाटरलू स्थानक, बेजवॉटर ही नावे त्या बोलीत शिरली की परके शहरही अंशतः त्यांचे होते.

तात्पर्य, एकीकडे वास्तू मिळते व भाषा सुटते. दुसरीकडे वास्तू नाही, पण भाषा टिकते आणि नव्या जागेलाही आपल्यात घेते. म्हणून ‘मुळे तुटणे’ या एकाच सूत्रात दोन्ही कृती बसविल्यास त्यांच्यातील हा महत्त्वाचा भेद निसटतो.

याला एक व्यावहारिक बाजूही आहे. अशा कादंबऱ्यांचे भाषांतर करताना सर्व पात्रांच्या तोंडी एकसारखी प्रमाण मराठी घातली, तर कथानक शाबूत राहील. मात्र कोण कोठे स्वतःच्या घरी आहे, हे वाचकाला कळण्याचा मार्गच बंद होईल. भाषांतरकाराने पहिल्या पानापूर्वीच सोडवावयाचा हा प्रश्न आहे, आणि तो शब्दकोशात पाहून सुटणारा नाही.