बाल्कनीतली दीपमाळ

मॉलमधल्या एका चकाचक दुकानात टेबलावर ठेवायचा लाकडी दिवेस्टॅण्ड बघितला आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘हे तर मी घरीच करीन!’’ बायको शेजारी उभी असताना असली वाक्यं बोलू नयेत, हा धडा मला लग्नाला सहा वर्षं झाली तरी मिळालेला नाही. तिने शांतपणे स्टॅण्ड जागेवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘कर मग. दिवाळीला दोन महिने आहेत.’’

तसा मी अगदीच कच्चा लिंबू नाही. आमच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी माझं ‘वर्कशॉप’ आहे. म्हणजे एक जुनं स्टडी टेबल, दोन क्लॅम्प, करवत, आजोबांचा रंधा, गुण्या आणि पहिल्या बोनसमधून घेतलेली ड्रिल मशीन. आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळ्यांचा भुगा झाला की शनिवारी लाकडाचा भुगा करतो. एकच अट, दुपारी एक ते चार मशीन बंद. आम्ही पुण्यात राहतो.

दीपमाळ करायची हे लगेच ठरलं. जेजुरीच्या पायऱ्या चढताना दगडी दीपमाळा बघितल्यात ना? उंच खांब आणि त्यातून बाहेर आलेले दिवे ठेवायचे हात. तेच रूप, फक्त बेचाळीस सेंटिमीटर उंचीचं. प्रश्न लाकडाचा होता. म्हणजे लाकूड घरात होतं, पण ते मागायचं कसं हा खरा प्रश्न होता.

आमचा पेठेतला वाडा २०१९ साली पडला. बिल्डरच्या कागदांवर बाबांनीच सही केली. त्या दिवसानंतर ते वाड्याबद्दल बोललेले नाहीत. फक्त माजघराच्या कडीपाटातली सागवानी कडी, तीन फुटांचा एक तुकडा, त्यांनी टेम्पोतून आणला आणि आपल्या पलंगामागे उभा करून ठेवला. कशासाठी, ते विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

मी विचारलं. बाबांनी पेपर खाली न करताच उत्तर दिलं, ‘‘घे. पण करवत लावताना मला बोलावू नकोस.’’

ही परवानगी होती की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण चूक झाली तर दुसरा तुकडा मिळणार नाही, एवढं मात्र कळलं.

दहा बाय दहा सेंटिमीटरची कडी हाताने उभी चिरणं आपल्या आवाक्यातलं काम नव्हे. सरळ वखारीत गेलो. मिस्त्रींनी विचारलं, ‘‘साहेब, खिळे काढलेत ना?’’ मी प्रेझेंटेशन देताना असतो तेवढ्या कॉन्फिडन्सने ‘हो’ म्हणालो. अर्ध्या मिनिटात ‘खण्ण’ असा आवाज आला. आत एक तुटका खिळा होता आणि पात्याचे दात गेले. चूक सर्वस्वी माझी, पैसेही मीच भरले. जुनं लाकूड वापरणार असाल तर आधी त्यावरून चांगलं लोहचुंबक फिरवा. आत गाडलेला खिळा दिसत नाही, पण चुंबकाला कळतो. तो तुकडा मी खिशात टाकला.

पुढचं काम मात्र सॉलिड मजेचं होतं. मधला खांब चार बाय चार सेंटिमीटरचा. त्याचा अष्टकोन करायला प्रत्येक कडेपासून जेमतेम बारा मिलिमीटरवर रेघ मारायची आणि चारही कोपरे रेघेपर्यंत रंध्याने उतरवायचे. आठ बाजू, आठ हात. प्रत्येक हात पुढच्या बाजूवर आणि आधीच्यापेक्षा चार सेंटिमीटर वर. असा जिना फिरत गेला की एक वेढा पूर्ण होतो आणि कुठल्याच दिव्याच्या डोक्यावर दुसरा हात येत नाही. हे केवळ दिसायला नाही हं. ज्योतीची आच वर जाते. वर लाकूड असेल तर ते करपणार.

टी-लाइटचा व्यास साधारण अडतीस मिलिमीटर असतो, म्हणून खाच चाळीसची. इथे मी एक फळी वाया घालवली. आधी छोटे चौकोन कापले आणि मग भोकं पाडायला गेलो, तर तुकडा ड्रिलबरोबर गरगर फिरायला लागला. उलटं करायचं असतं. अखंड फळी क्लॅम्पमध्ये धरून सगळ्या खाचा पाडायच्या आणि मग तुकडे कापायचे. तेलाच्या पणत्या नकोतच. माती तेल झिरपवते, लाकूड ते पितं. धातूच्या वाटीतली मेणबत्ती बरी. तीही पडद्यापासून लांब आणि कोणीतरी समोर असतानाच. आणि हो, सागाचा भुगा नाकाघशाला झोंबतो, मास्क लावा.

शेवटी जवसाचं तेल. दिसतं झकास, वाळतं सरकारी वेगाने. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि गुंडाळलेलं फडकं आपणहून पेट घेऊ शकतं. मी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दुसरा हात दिलेला खांब अजून चिकटच होता. डेडलाइन हुकली. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. मी बाल्कनीत हताश बसलो होतो. मागे बाबा येऊन उभे होते.

‘‘अरे, दीपमाळ लावतात त्रिपुरी पौर्णिमेला. पंधरा दिवस आहेत अजून तुझ्याकडे.’’ मग वाकून बघत म्हणाले, ‘‘आणि वरचा दिवा कुठाय? माथ्यावर एक लागतो.’’

खांबाचा माथा फक्त चार सेंटिमीटर. त्यावर नववी खाच बसेना. ‘‘वरून टोपी बसव की,’’ बाबा म्हणाले आणि उरलेला तुकडा स्वतः धरून बसले. मी करवत लावली. मापं घेताना खिशातली पेन्सिल काढली, तिच्याबरोबर तो खिळा खाली पडला. बाबांनी तो उचलून उजेडात धरला.

‘‘हा कंदिलाचा. मी लोंबकळलो होतो, मोडला. मार खाल्ला होता. अर्धा आत राहिला हे कोणालाच माहीत नव्हतं.’’ थोडा वेळ गेला. ‘‘वाडा पाडताना मी गेलोच नव्हतो बघायला.’’

मी काही बोललो नाही. टोपी तिरकी कापली जात होती, ते त्यांनीच दाखवलं.

त्रिपुरी पौर्णिमेला जेवणाच्या टेबलावर नऊ दिवे लागले. बाबांनी पंखा बंद केला आणि वरचा दिवा स्वतः लावला. खिळा आता त्यांच्या औषधांच्या डब्यात असतो. पायथ्याला खालून फेल्ट लावायचं राहिलंय. टेबलाला चरे पडतात, असं बायकोचं म्हणणं आहे.