धूम्रनलिकेची घडण

छत्तीसगढच्या मैदानी मुलखात शेतावर राबणारा माणूस घटकाभर विश्रांतीसाठी बांधावर टेकला, की एखादे रुंद पान घेऊन हातातल्या हातात त्याची निमुळती नळी वळीत असे. नळीच्या रुंद तोंडात चुरलेला तंबाखू भरायचा, वर विस्तव ठेवायचा आणि अरुंद टोक ओठांत धरायचे. या नळीला तेथील बोलीत ‘चोंगी’ म्हणतात. तिचे आयुष्य फार तर पाव तासाचे. ओढून झाली की ती फेकून द्यायची आणि पुढच्या वेळी नवी वळायची. असे असले तरी ती कशीही वळून भागत नाही. पान फार घट्ट वळले तर धूर ओढला जात नाही; सैल राहिले तर तंबाखूआधी पानच पेटते. हिरवे पान धुमसते आणि अति वाळलेले पान वळतानाच चिरते. धूम्रनलिका घडविण्याच्या कलेतील जवळजवळ सर्व अडचणी या साध्या पानाच्या नळीत बीजरूपाने आढळतात, आणि म्हणूनच या विषयाचा आरंभ रायपूरपासून करणे सोयीचे ठरते.

रायपूर हे नाव मराठी वाचकाला सर्वस्वी परके नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे इंग्रजी अमदानीत आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच मोडत असे. या प्रांतातील जातिजमातींची माहिती रसेल आणि रायबहादूर हीरालाल यांनी १९१६ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध केली. तीत चोंगीचा उल्लेख एका अनपेक्षित ठिकाणी येतो. सतनामी पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास यांनी आपल्या अनुयायांना तंबाखू वर्ज्य केला होता. पुढे ज्यांनी तो पुन्हा जवळ केला त्यांचा एक वेगळा गट मानला जाऊ लागला आणि पानाच्या या नळीवरूनच त्याला ‘चुंगिया’ हे नाव मिळाले, असे हे ग्रंथकार नोंदवितात. एका पंथातील भेद ओळखण्यासाठी जिचे नाव पुरेसे व्हावे, ती वस्तू लोकांच्या रोजच्या जीवनात किती मुरलेली असली पाहिजे याची यावरून कल्पना येते. (रायपूरच्या जुन्या वस्तुसंग्रहालयाला ज्यांचे नाव आहे ते महंत घासीदास मात्र वेगळे. ते राजनांदगावचे संस्थानिक असून हे संग्रहालय १८७५ मध्ये त्यांच्या औदार्यामुळे उभे राहिले.)

चोंगीपेक्षा चिलीम टिकाऊ. कुंभार ती मातीची घडवितो, भट्टीत भाजतो आणि बाजारात अगदी थोड्या पैशांत विकतो. तिची रचना उलट्या शंकूसारखी असते. तंबाखू खाली उतरू नये म्हणून आत एक खडा टाकतात आणि खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी लावतात. खड्याच्या भोवतीने धूर निघेल पण तंबाखू निघणार नाही, एवढीच फट राहिली पाहिजे. ही फट नेमकी किती असावी हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते ओढणाऱ्याला ठाऊक असते. आगीपासून ओठांपर्यंत धुराने जी वाट चालायची, तिची आखणी हाच चिलमीचा, चोंगीचा आणि युरोपीय पाइपचाही गाभा होय. बाहेरून दिसणारे रूप हे त्या वाटेवर चढविलेले कवच असते.

मात्र ज्याला छंद म्हणता येईल अशी घडण पाहावयाची तर रायपूरहून दक्षिणेला, दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर, कोंडागाव आणि नारायणपूरच्या बाजूला जावे लागते. बस्तरच्या या भागातील मुरिया तरुणांच्या हस्तकौशल्याचे तपशीलवार वर्णन व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुरियांवरील ग्रंथात आणि १९५१ च्या मध्य भारतातील आदिवासी कलेवरील ग्रंथात केले आहे. घोटुलातील मुलगे लाकडाच्या फण्या कोरीत आणि त्या आपल्या आवडत्या मुलीला देत. फण्यांप्रमाणेच तंबाखूच्या डब्याही नक्षीने सजविलेल्या असत. त्रिकोण, नागमोडी रेघा, लहान लहान चौकटी ही तेथील नक्षीची मुख्य अंगे. मराठी घरांतील पितळी चुनाळू आणि मोर कोरलेला अडकित्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या डब्यांमागची वृत्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुरिया मुलगा काही व्यवसायाने सुतार नव्हता. त्याला फणी विकायची नव्हती, तेव्हा ती अमुक वेळात संपवावी असे बंधनही त्याच्यावर नव्हते. पण फणीचे दाते एकाच लाकडातून काढायचे असतात आणि दाता जितका बारीक तितका तो देखणा दिसतो, तसाच तो तुटण्याचा संभवही वाढतो. शेवटचा दाता तुटला की आधीचे सारे श्रम वाया जातात. थांबायचे कोठे, हा प्रश्न त्यामुळे अगदी लहान वयातच त्याच्यापुढे उभा राही. विकण्यासाठी काम करणाऱ्या कारागिराला हा प्रश्न इतका छळत नाही. ‘चालेल’ असे जेथे म्हणता येते तेथे तो थांबतो. तसे थांबणे त्याच्या पोटासाठी आवश्यकच असते. हौशी माणसाला मात्र ही सवलत नाही.

वैभवाने पूर्णत्व येत नाही याचे उदाहरण दक्षिणेच्याच इतिहासात आहे. अकबराचा अधिकारी असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू आणि एक मौल्यवान हुक्का आणून बादशहापुढे ठेवला. नळीची दोन्ही टोके रत्नांनी आणि मिन्याने मढविलेली होती, मुखनळी येमेनी अकीकाची होती आणि विस्तवाचे पात्र सोन्याचे. अकबराने दोनचार झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली आणि बादशहाने पुढे ती सवय लावून घेतली नाही, असे असद बेग स्वतः सांगतो. धूर त्या नळीतून कसा येत होता याविषयी त्याने एक अक्षरही लिहिलेले नाही. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. तिचा फारसा उपयोग झाला नाही हे सांगायला नकोच.

मुरिया मुलाची ती निवांत, विक्रीशी संबंध नसलेली घडण आणि चिलमीतील धुराची वाट या दोन्ही गोष्टी एकत्र पाहावयाच्या असतील, तर लाकडी पाइप घरी घडविण्याचा छंद पाहावा. युरोप, अमेरिका आणि जपान येथे तो विशेष रुजला आहे. त्यासाठी लागणारे लाकूड ‘ब्रायर’ या नावाने ओळखले जाते. भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरड्या टेकड्यांवर वाढणाऱ्या एका झुडपाच्या खोडाच्या तळाशी, मुळांच्या वर, एक गाठ तयार होते. ती उपयोगी आकाराची व्हायला काही दशके लागतात. ही गाठ खणून काढतात, कापून कित्येक तास पाण्यात उकळतात आणि मग कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षे, सावलीत सुकवितात. उकळल्याने तिच्यातील रस निघून जातो आणि ती तडकत नाही. हे लाकूड कठीण, हलके आणि सहजासहजी न जळणारे असते. फ्रान्समधील सेंट क्लोद या डोंगराळ गावात लाकडाच्या कातकामाची परंपरा आधीपासून होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथे ब्रायरचे पाइप बनू लागले आणि तेथूनच ते जगभर गेले.

हौशी कारागीर बहुधा वाळलेला ठोकळा विकत आणतो. त्यावर पेन्सिलीने आकृती काढतो, करवतीने कोपरे उडवितो आणि गिरमिटाने तीन छिद्रे पाडतो. पहिले तंबाखूच्या वाटीचे, सुमारे १९ ते २० मिलिमीटर व्यासाचे. दुसरे दांड्यातून वाटीपर्यंत जाणारे, सुमारे ४ मिलिमीटरचे. तिसरे मुखनळीची खुंटी बसविण्याचे. ऐकायला हे सोपे वाटते. पण धुराचे छिद्र वाटीच्या तळाशी, अगदी मध्यावर उघडले पाहिजे. ते जरा वर उघडले तर त्याखालचा तंबाखू जळत नाही आणि ओला लगदा होऊन साचतो. जरा खाली गेले तर तळ खरवडला जातो आणि तेथले लाकूड पातळ होऊन पुढे जळून जाते. दांड्याच्या टोकाकडून गिरमिट लावायचे आणि दोन इंच आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणी, नेमका बिंदू गाठायचा. येथे झालेली चूक नंतर कोणत्याही पॉलिशने झाकता येत नाही.

याहूनही दुर्लक्षिली जाणारी जागा म्हणजे खुंटीचे टोक. खुंटी आपल्या खोबणीच्या तळापर्यंत पोहोचली नाही तर मध्ये एक रिकामी पोकळी राहते. अरुंद वाटेने आलेला गरम धूर त्या पोकळीत अचानक पसरतो, थंडावतो आणि त्यातील बाष्पाचे पाणी होते. मग ओढताना आतून गुडगुड असा आवाज येऊ लागतो. हुक्क्यात हा आवाज शोभेचा मानला जातो, पाइपमध्ये तो घडणीतील दोष ठरतो. मुखनळीच्या टोकाशी छिद्र चपटे करावे लागते, कारण दातांत धरायचा भाग पातळ हवा. पण उंची जितकी कमी केली तितकी रुंदी वाढविली नाही, तर धुराची वाट तेथे आवळली जाते. म्हणून चांगला कारागीर ते छिद्र पंख्यासारखे पसरवितो. या कामाला बारीक कानशी लागतात, पुष्कळ वेळ लागतो, आणि पाहणाऱ्याला त्यातले काही म्हणजे काहीही दिसत नाही.

बाहेरचा आकार आणणे हा या छंदातील आनंदाचा भाग, आणि धोक्याचाही. जाड दातांच्या कानशीने सुरुवात होते, मग बारीक कानस, मग क्रमाक्रमाने मऊ होत जाणारा काचकागद. मध्येच लाकूड ओले करून वाळविले की दबलेले तंतू वर येतात आणि लपलेले ओरखडे उघडे पडतात. याच टप्प्यावर परिपूर्णतेची ओढ माणसाला फसविते. डावी बाजू किंचित फुगीर वाटते म्हणून ती घासली, तर उजवी जाड भासू लागते. ती घासली की पुन्हा डावी. दोन्ही बाजू सारख्या करण्याच्या नादात वाटीची भिंत पातळ होत जाते. ती साधारण ६ मिलिमीटरांहून कमी झाली, तर वाटी हाताला चटके देते आणि लवकर जळते. दिसायला निर्दोष पण वापरायला निरुपयोगी असे पाइप नवशिक्यांच्या घरी बरेच आढळतात. दोष काढण्यासाठी लागणारे लाकूड मर्यादित असते, हे त्यांना उशिरा उमजते.

आणखी एक अडचण निसर्गाची. गाठ जमिनीलगत वाढत असल्याने तिच्या पोटात बारीक पोकळ्या आणि वाळूचे कण अडकलेले असतात. बाहेरून शुद्ध दिसणाऱ्या ठोकळ्यात असा खड्डा कोणत्या थरात निघेल ते सांगता येत नाही. कारखान्यात अशा वेळी लांबी भरतात आणि वर गडद रंग देतात. कधी पृष्ठभागावर वाळूचा झोत मारून त्याला खडबडीत पोत देतात. लंडनच्या डनहिल कंपनीने १९१७ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले आणि एक उणीव झाकण्याचा उपाय पाहता पाहता स्वतंत्र शैली म्हणून मान्यता पावला. हौशी कारागिरापुढे तिन्ही वाटा मोकळ्या असतात, शिवाय चौथीही असते: दहा तासांच्या श्रमांसह ठोकळा बाजूला ठेवून देण्याची. ही चौथी वाट व्यावसायिकाला परवडत नाही.

कोपनहेगनमध्ये काम करणारे स्वीडिश कारागीर सिक्स्टन इव्हार्सन (१९१०–२००१) यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. जुने पाइप दुरुस्त करता करता त्यांना लाकडाचे आतले स्वरूप कळत गेले होते. आधी छिद्रे पाडून मग ठरीव आकार देण्याऐवजी ते लाकडाच्या रेषा पाहून आधी आकार काढू लागले आणि छिद्रे नंतर पाडू लागले. यामुळे दोष निघाला की आकार बदलून त्याला वळसा घालता येऊ लागला. डेन्मार्कची आधुनिक शैली येथून वाढली. परिपूर्णता म्हणजे आधी ठरविलेल्या आकृतीशी तंतोतंत जुळणे, हा समज तिने मोडून काढला, ही तिची खरी कामगिरी म्हणता येईल.

भारतात ब्रायर उगवत नाही. येथे शिसवीचे पाइप मुख्यतः पर्यटकांसाठी बनतात; शिसवीची धूळ त्वचेला आणि श्वासनलिकेला त्रासदायक असते, हे हाताने काम करू इच्छिणाऱ्याने विसरू नये. हवामानाचाही विचार करावा लागतो. रायपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो आणि महिना-दीड महिन्यातच हवा पाण्याने जड होते. उन्हाळ्यात हलकी बसणारी खुंटी पावसाळ्यात लाकूड फुगून घट्ट आवळली जाते. एवढ्या फरकाची जागा आधीच सोडणे हा अनुभवाचाच भाग होय.

तंबाखूविषयी मौन पाळून हा विषय पुरा करता येणार नाही. पाइपचा धूर छातीत न ओढताही तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. २०१६-१७ च्या पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला देशभर बंदी आहे. पाइप घडविणाऱ्यांमध्ये तंबाखू सोडलेली माणसेही आहेत. त्यांनी घडविलेला पाइप कपाटात राहतो, तरी त्यांच्या लेखी धुराची वाट अचूकच असावी लागते. हा हट्ट विसंगत वाटेल. पण कोरलेल्या फणीला आज केस मिळत नाहीत म्हणून तिचे दाते वाकडे काढावेत, असे कोणी म्हणणार नाही.

पूर्ण झालेल्या पाइपची परीक्षा अगदी साधी असते. लोकर गुंडाळलेली मऊ तार मुखनळीच्या टोकातून आत सारायची. ती जोडापाशी न अडखळता, खुंटीतून आणि दांड्यातून सरळ जाऊन वाटीच्या तळाशी डोके काढते की नाही ते पाहायचे. तार अडली तर मुखनळी काढून, कानस घेऊन, पुन्हा बसायचे. तार गेली तर मग मेण लावायला घ्यायचे.