पाहुणा जेवत का नाही?

वसईच्या पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सकाळी मासळी उतरताना पाहिली असेल, तर पाकट तुमच्या ओळखीचे असेल. ताटासारखे चपटे, वाटोळे अंग आणि चाबकासारखी लांब शेपटी. शेपटीवर विषारी काटा असतो, म्हणून कोळी बांधव तो आधीच मोडून टाकतात.

हे झाले समुद्रातले पाकट. पण दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना अशा नद्यांत गोड्या पाण्यातच जन्मणारी आणि तेथेच मरणारी पाकटे आहेत. त्यांपैकी ‘पोटॅमोट्रायगॉन मोटोरो’ ही अंगावर नारिंगी ठिपके असलेली जात शोभेचा मासा म्हणून विकली जाते. समजा, मुंबईच्या बाजारातून एखाद्याने असे पिल्लू पिशवीत घालून लोकलने विरारला आणले. बहुधा पहिली तक्रार एकच असते : “मासा काही खात नाही!” असे का होते, ते आज पाहू.

समुद्र सोडलेला मासा

या नदीवासी पाकटांचे पूर्वज समुद्रातलेच. लक्षावधी वर्षांपूर्वी ते खंडाच्या आतील पाण्यात शिरले व तेथेच राहिले. समुद्री पाकट आपल्या रक्तात भरपूर युरिया साठवते. त्यामुळे तर्षणाने शरीरातले पाणी खारट समुद्रात निघून जात नाही. नदीवासी पाकटाला ही गरज उरली नाही. 1967 साली थॉर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या माशांच्या रक्तात युरिया अगदी थोडा असतो. तेव्हा हा मासा वसईच्या खाडीत जगणार नाही आणि खाडीबाहेरचे पाकट घरच्या टाकीत टिकणार नाही.

पिशवीतले रसायन

प्रवासात मासा पिशवीतल्या थोड्याशा पाण्यात श्वास घेतो व उत्सर्जन करतो. त्यामुळे पाण्यात कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया दोन्ही वाढतात. कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्ल होते, म्हणजेच त्याचा पीएच उतरतो. अशा पाण्यात बहुतेक अमोनिया अमोनियम आयनाच्या रूपात राहतो. हे रूप फारसे विषारी नसते.

आता पिशवी उघडली. कार्बन डायऑक्साइड हवेत निघून गेला आणि पीएच चढला. 25 अंश सेल्सियसला पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला, की तोच भाग सुमारे 5 टक्के होतो, म्हणजे जवळजवळ दहापट! म्हणून बंद पिशवी प्रथम पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखे करावे. उघडल्यावर मात्र उगाच तासन्‌तास रेंगाळू नये. टाकीचे पाणी थोडे थोडे घालून माशाला टाकीत सोडावे आणि पिशवीतले पाणी ओतून द्यावे.

अदृश्य सफाई कामगार

टाकीतही अमोनिया साचतोच. त्याचा बंदोबस्त जीवाणू करतात. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने बरेच कमी घातक असते व पाणी बदलून काढून टाकता येते. हे जीवाणू वाळूवर व गाळणीतल्या स्पंजावर वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आधी टाकी तयार करून पिकू द्यायची आणि मग मासा आणायचा. प्रत्यक्षात बहुतेक जण नेमके उलटे करतात.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असतो. तो माशाच्या कल्ल्यांना भाजतो आणि हे उपयोगी जीवाणूही मारतो. त्यावर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा ‘हायपो’, उपयोगी पडतो. पाकटाच्या टाकीत बारीक वाळू हवी. टोकदार खडीने त्याचे मऊ पोट खरचटते.

डोळे वर, तोंड खाली

पाकटाचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली असते. म्हणजे तोंडातला घास त्याला दिसतच नाही! तो अन्न शोधतो वासाने आणि विजेने. प्रत्येक सजीवाच्या स्नायूंतून अतिशय क्षीण विद्युत् संकेत निघतात. ते टिपणारी सूक्ष्म छिद्रे पाकटाच्या तोंडाभोवती असतात. लोरेंझिनी या इटालियन शास्त्रज्ञाने 1678 साली शार्कवर्गातील माशांच्या अशा छिद्रांचे वर्णन केले. त्यांचे खरे काम समजायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

म्हणून वर तरंगणारे कोरडे खाद्य या पाहुण्याला अन्न वाटतच नाही. पहिला दिवस दिवा बंद ठेवून त्याला शांत राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी अंधार पडताना एखादे जिवंत गांडूळ धुऊन त्याच्यासमोर वाळूवर ठेवावे. गांडूळ औषध न फवारलेल्या वाडीतले असावे. पाकट त्यावर झाकण पडावे तसे बसते व घास ओढून घेते. रुळल्यावर सोललेली कोळंबी चालते, पण रोज तीच देऊ नये. काही मासे व कोळंबीत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते.

खरा धोका

आता मुख्य गोष्ट. मासा खात नाही म्हणून मालक घाबरतो व आणखी अन्न टाकतो. ते कुजते. अमोनिया वाढतो. अमोनियाने माशाची भूक आणखी मरते. मग मालक पुन्हा अन्न टाकतो! असा नवा पाहुणा पुष्कळदा उपासाने नव्हे, तर आपल्या काळजीनेच दगावतो. न खाल्लेले अन्न तासाभरात काढून टाका, पाणी तपासा आणि त्याचा काही भाग बदला. माशाच्या कडा वर वळू लागल्या, तर अन्न नव्हे, पाणी बिघडले आहे असे आधी समजा. हाताळताना काटा विसरू नका. तो लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात जखम धरून ताबडतोब डॉक्टर गाठावा.

मोटोरोचे पिल्लू बशीएवढे दिसते, पण त्याचे अंग वाढून अर्धा मीटर रुंद होते. काही नदीवासी पाकटांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. म्हणून बहुतेक घरांसाठी सर्वांत चांगला सल्ला एकच : हा मासा आणूच नका. आणि नकोसा झाला, तरी वसईच्या बावखलात मुळीच सोडू नका. सिंगापूरच्या जलाशयांत सोडलेली मोटोरो पाकटे तेथे पिल्ले घालून स्थायिक झाली आहेत.

करून पाहा

एका पिशवीत गार पाणी भरून ती बादलीतल्या साध्या पाण्यात तरंगत ठेवा. दर पाच मिनिटांनी पिशवीतले तापमान नोंदवून आलेख काढा. तापमान सुरुवातीला भरभर व नंतर हळूहळू का वाढते? मासा न आणताही या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला शोधता येईल.