शेजारधर्म आणि धान्याचा भाव

दोन राष्ट्रांची मैत्री मंत्रिमंडळांच्या बैठकींत जुळते हें खरें. परंतु ती टिकते कीं विरते याचा निकाल पुष्कळदां सरहद्दीवरील जकातनाक्यावर आणि धान्याच्या बाजारांत लागतो. युद्धकाळीं तर हें विशेषच प्रत्ययास येतें. शत्रु एक असला म्हणजे शेजाऱ्यांचीं मनें एक होतात. पण त्यांचे व्यवहारही एक होतातच असें नाहीं. संकटांत एकमेकांस हात देणारे देश गव्हाच्या भावावरून एकमेकांस कडू शब्द बोलूं लागले, तर दूरच्या माणसास तें विपरीत वाटतें. पोलंड आणि युक्रेन या दोन शेजाऱ्यांमध्यें २०२२ ते २०२४ या काळांत जें घडलें तें पाहिलें असतां त्या विपरीताचीं कारणें उलगडतात, आणि तीं पुष्कळशीं साधीं आहेत असें दिसून येतें.

रशियाच्या फौजांनीं २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं अनेक दिशांनीं युक्रेनवर चढाई केली. पुढील कांहीं आठवड्यांत लक्षावधि स्त्रिया, मुलें आणि वृद्ध माणसें पोलंडच्या सरहद्दीवर येऊन पोंचलीं. पोलंडच्या नागरिकांनीं त्यांतील कितीएकांना आपल्या राहत्या घरांत जागा दिली. सरकारनें आपल्या शस्त्रागारांतील दोनशेंहून अधिक रणगाडे युक्रेनच्या स्वाधीन केले; २०२३ मध्यें मिग-२९ जातीचीं लढाऊ विमानेंही दिलीं. पश्चिमेकडील देशांकडून येणाऱ्या युद्धसाहित्याचा मोठा ओघ झेशूव या पोलिश शहरावरूनच पूर्वेकडे वाहूं लागला. युक्रेन हा ‘नाटो’ या करारसंघाचा सभासद नव्हता. तेव्हां पोलंडवर कोणत्याही संरक्षण-तहाचें बंधन नव्हतें. परंतु १९३९ मध्यें जर्मनी आणि रशिया या दोघांनीं मिळून आपला देश कसा वांटून घेतला, हें पोलिश लोक विसरलेले नाहींत. १९४३ मध्यें व्होलिन प्रांतांत युक्रेनियन सशस्त्र दलांनीं केलेल्या पोलिश रहिवाशांच्या कत्तलीचा जुना सल होता. तोही या प्रसंगीं मागें पडला. मैत्रीचा असा काळ या दोन देशांच्या इतिहासांत क्वचितच आला असेल.

आतां धान्याकडे वळूं. युक्रेनची काळी जमीन जगांतील अत्यंत सुपीक जमिनींत गणली जाते. गहूं, मका आणि सूर्यफूल हीं तेथील प्रमुख पिकें. युद्धापूर्वीं तेथून परदेशीं जाणाऱ्या शेतमालापैकीं नऊ दशांशांहून अधिक माल ओडेसा आणि आसपासच्या बंदरांतून काळ्या समुद्राच्या वाटेनें जात असे. युद्ध सुरू होतांच हीं बंदरें कोंडलीं गेलीं. भारतांत येणाऱ्या सूर्यफुलाच्या तेलाचा मोठा वांटा युक्रेनचा असल्यामुळें, २०२२ सालीं या कोंडीची झळ मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांतही तेलाच्या डब्याच्या किमतीच्या रूपानें पोंचली. संयुक्त राष्ट्रसंघ आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीनें २२ जुलै २०२२ रोजीं इस्तंबूल येथें करार झाला आणि धान्याचीं जहाजें पुनः निघूं लागलीं; सुमारें ३ कोटी ३० लाख टन माल या मार्गानें बाहेर गेला. परंतु १७ जुलै २०२३ रोजीं रशियानें त्या करारांतून अंग काढून घेतलें. समुद्राचा भरंवसा असा धरतां येत नव्हता, म्हणून धान्याला जमिनीवरून वाट हवी होती, आणि ती वाट शेजाऱ्यांच्या अंगणांतून जात होती.

युरोपियन युनियननें ती वाट मोकळी केली. ४ जून २०२२ पासून युक्रेनच्या मालावरील जकात आणि आयातीची कमाल मर्यादा, दोन्ही उठविण्यांत आल्या. त्याच महिन्यांत झालेल्या दुसऱ्या एका करारानें युक्रेनच्या मालमोटारींना लागणारे परवानेही रद्द झाले. हेतु उदात्त होता आणि हिशेबही कागदावर बरोबर होता: धान्य पोलंडमधून पुढें जाईल, बाल्टिक समुद्रावरील ग्दान्स्क आणि ग्दिनिया या बंदरांत जहाजांवर चढेल, आणि आफ्रिका व आशिया खंडांतील गरजू देशांना पोंचेल.

हा हिशेब पहिल्यानें चुकला तो रुळांवर. युक्रेनच्या लोहमार्गाची रुंदी १५२० मिलिमीटर, तर पोलंडची १४३५. म्हणजे सरहद्दीवर प्रत्येक आगगाडीचा माल उतरवून दुसऱ्या गाडींत भरावयाचा, अथवा डब्यांच्या चाकांचे सांगाडे बदलावयाचे. तेथून बाल्टिक समुद्र गांठावयाचा म्हणजे सबंध पोलंड देश ओलांडावा लागतो. आणि एवढें धान्य हाताळण्याची त्या बंदरांची तयारी नव्हती. वाहतुकीचा खर्च असा चढत गेला, तेव्हां व्यापाऱ्यांनीं व्यापाऱ्यांचा धर्म पाळला. स्वस्तांत घेतलेला माल दूर नेण्यापेक्षां जवळच विकणें त्यांना किफायतीचें वाटलें. कांहींनीं तर जळण वा कारखानदारी अशा ‘तांत्रिक’ उपयोगाचा म्हणून तपासणीवांचून गहूं आंत आणला आणि तो पिठाच्या गिरण्यांना विकला. जें धान्य देशांतून केवळ जावयाचें, तें देशांतच मुक्काम करून राहिलें.

याच सुमारास जागतिक भावही उतरले. युरोपच्या वायदेबाजारांत २०२२ च्या मे महिन्यांत गव्हाचा भाव टनास ४०० युरोंच्या वर गेला होता. २०२३ च्या वसंतांत तो २५० च्या आसपास आला. पोलंडच्या शेतमंत्र्यांनीं २०२२ च्या उन्हाळ्यांत शेतकऱ्यांना धान्य विकण्याची घाई करूं नका, असा सल्ला दिला होता. ज्यांनीं तो मानला त्यांचीं कोठारें भरलेलीं राहिलीं आणि भाव मात्र हातचा गेला. खतें महाग घेतलेलीं, इंधन महाग, आणि माल स्वस्त. भाव पडण्यास युक्रेनचें धान्य हें एकच कारण नव्हतें. जगभर पुरवठा वाढला होता. परंतु जागतिक बाजार शेतकऱ्याच्या डोळ्यांस दिसत नाहीं. गांवावरून जाणारी शेजाऱ्याची मालमोटार मात्र रोज दिसते.

येथें उभय पक्षांची बाजू समजून घेतली पाहिजे. पोलंडमधील शेत सरासरीनें ११ हेक्टरांच्या आसपास असतें, आणि युरोपियन युनियनच्या औषधफवारणीपासून ते जमिनीच्या निगेपर्यंतच्या सर्व नियमांचें जूं त्या शेतकऱ्याच्या मानेवर असतें. युक्रेनमध्यें हजारों हेक्टर जमीन कसणाऱ्या मोठ्या शेतीकंपन्या आहेत आणि त्यांना हे सर्व नियम लागू नाहींत. अशा स्पर्धेंत आपण टिकणार नाहीं ही पोलिश शेतकऱ्याची भीति अनाठायीं नव्हती. दुसऱ्या बाजूस, युक्रेनचा शेतकरी सुरुंग पेरलेल्या शेतांच्या कडेनें नांगर धरीत होता, आणि निर्यातीचा पैसा हा त्या राष्ट्राच्या जीवनाचा आधार होता. धान्य विकूं नका असें त्यास सांगणें म्हणजे युद्ध अर्ध्यावर सोडा असें सांगण्यासारखेंच होतें. दोघेही आपापल्या जागीं खरे होते. म्हणूनच भांडण अवघड झालें.

५ एप्रिल २०२३ रोजीं युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की वॉर्सामध्यें मोठ्या सन्मानानें आले, आणि त्याच दिवशीं पोलंडच्या शेतमंत्र्यांस राजीनामा द्यावा लागला. पुढें दहा दिवसांनीं, १५ एप्रिल रोजीं, पोलंड आणि हंगेरी यांनीं युक्रेनच्या धान्याची आयात बंद केली; स्लोवाकिया आणि बल्गेरिया यांनींही तोच मार्ग धरला. तडजोड म्हणून युरोपियन कमिशननें २ मेपासून गहूं, मका, मोहरीच्या जातीची रेपबी आणि सूर्यफूलबी या चार जिनसांची विक्री पांच सीमावर्ती देशांत थांबविली, पुढें जाणाऱ्या मालास मुभा ठेवली, आणि शेतकऱ्यांसाठीं १० कोटी युरोंचें साहाय्य देऊं केलें. ही व्यवस्था १५ सप्टेंबर २०२३ रोजीं संपली. त्याबरोबर पोलंड, हंगेरी आणि स्लोवाकिया यांनीं आपापल्या अधिकारांत बंदी पुनः जारी केली. आणि तिसऱ्याच दिवशीं युक्रेननें या तिघांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नोंदविली.

नंतरच्या दोन दिवसांत शब्दानें शब्द वाढला. झेलेन्स्की यांनीं संयुक्त राष्ट्रसंघांत, कोणत्याही देशाचें नांव न घेतां, युरोपांतील कांहीं मित्र ऐक्याचें नाटक करतात अशा आशयाचे उद्गार काढले. पोलंडचे अध्यक्ष दुदा यांनीं युक्रेनला बुडणाऱ्या माणसाची उपमा दिली: तो हाताला येईल तें धरतो आणि वांचवावयास आलेल्यालाही खोल ओढूं शकतो. वॉर्सामधील युक्रेनच्या राजदूतास बोलावून निषेध कळविण्यांत आला. २० सप्टेंबर रोजीं पंतप्रधान मोराव्हिएत्स्की म्हणाले कीं, पोलंड आतां स्वतःलाच सज्ज करीत असल्यामुळें युक्रेनला शस्त्रें देत नाहीं. पूर्वीं ठरलेला पुरवठा चालूच राहील असा खुलासा लगेच झाला; पण बोललेला शब्द जगभर जाऊन पोंचला होता. यांतील एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. १५ ऑक्टोबर रोजीं पोलंडमध्यें निवडणूक होती, आणि ग्रामीण भाग हा सत्ताधारी पक्षाचा मोठा आधार होता. मतपेटी जवळ आली म्हणजे शेजारधर्मापेक्षां घरची ओरड अधिक मोठ्यानें ऐकूं येते.

निवडणुकीनंतर डिसेंबरमध्यें सरकार बदललें. तंटा मात्र मिटला नाहीं. ६ नोव्हेंबर २०२३ पासूनच पोलिश मालमोटारवाल्यांनीं सरहद्दीवरील नाके अडवून धरले होते. परवाने रद्द झाल्यापासून युक्रेनच्या स्वस्त मोटारी आपला धंदा बुडवितात, हें त्यांचें गाऱ्हाणें. जानेवारीच्या मध्यापर्यंत हा अडथळा चालला. फेब्रुवारी २०२४ मध्यें शेतकरी उठले. युरोपच्या नव्या पर्यावरणविषयक नियमांचा रागही त्यांत मिसळला. ठिकठिकाणीं मालमोटारींतील आणि आगगाडीच्या डब्यांतील धान्य रस्त्यावर व रुळांवर ओतण्यांत आलें. कोतोमिएश या गांवीं सांडलेलें सुमारें १६० टन धान्य तर पोलंडमध्यें विकावयाचें नव्हतेंच. तें ग्दान्स्कवरून परदेशीं जावयाचें होतें, असें युक्रेनच्या मंत्र्यांनीं सांगितलें. ज्या राष्ट्रानें १९३२-३३ च्या कृत्रिम दुष्काळांत लक्षावधि माणसें भुकेनें मेलेलीं पाहिलीं, त्याला रुळांवर सांडलेल्या धान्याचें चित्र कसें दिसलें असेल, हें निराळें सांगावयास नको. याच आंदोलनांत एका ट्रॅक्टरवर रशियाच्या अध्यक्षांना आवाहन करणारा फलक लागला. पोलंडच्या सरकारनें त्याचा धिक्कार केला आणि पोलिसांनीं कारवाई केली. एक गोळीही न झाडतां शत्रूच्या पदरांत काय पडूं शकतें, हें त्या फलकानें दाखविलें.

रुमानियाचें उदाहरण येथें शेजारीं ठेवून पाहण्यासारखें आहे. तोही युक्रेनचा शेजारी, तेथेंही शेतकरी चिडले, तेथेंही निदर्शनें झालीं. परंतु त्या देशानें शेजाऱ्यांसारखी एकतर्फी बंदी घातली नाहीं. त्याचें मोठें कारण कॉन्स्टान्झा हें काळ्या समुद्रावरील बंदर होय. डान्यूब नदीतून, रेल्वेनें आणि मोटारींनीं आलेलें धान्य तेथें जहाजांवर चढत असे. २०२३ मध्यें असें सुमारें १ कोटी ४० लाख टन धान्य त्या बंदरांतून बाहेर गेलें. जेथें मालाला पुढची वाट मिळाली तेथें हमालीचें आणि वाहतुकीचें उत्पन्न मिळालें. जेथें वाट तुंबली तेथें भाव पडले आणि मनेंही बिघडलीं.

पुढें दोन देशांतील ताण सैल झाला तोही अशाच व्यावहारिक कारणांनीं. ऑगस्ट २०२३ पासून युक्रेननें रुमानिया आणि बल्गेरिया यांच्या किनाऱ्यालगत स्वतःची सागरी वाट उघडली. बहुतेक धान्य पुनः समुद्रानें जाऊं लागलें. २०२४ च्या एप्रिलअखेर सरहद्दीवरील अडथळे उठले. त्याच वर्षीं जूनमध्यें युरोपियन युनियननें सवलत वाढवितांना, आयात फार वाढल्यास तिला आळा घालण्याची तरतूद केली. आणि जुलैपासून रशिया व बेलारूस यांच्या धान्यावर जबर जकात बसविली. ऑक्टोबर २०२५ मध्यें युक्रेनशीं नवा व्यापारकरार अंमलांत आला, तेव्हांही पोलंड, हंगेरी आणि स्लोवाकिया आपली बंदी उठविण्यास राजी झाले नाहींत. मात्र या सर्व भांडणांत झेशूववरून जाणारा युद्धसाहित्याचा मार्ग बंद पडला नाहीं, हेंही तितकेंच खरें.

या सर्व प्रकरणाचा इत्यर्थ एवढाच कीं, मैत्रीचा लाभ सबंध राष्ट्रास मिळतो, पण तिची किंमत एखाद्या वर्गाच्या माथीं पडते. रशियाला दूर थोपवून धरल्याचें समाधान वॉर्साच्या कारकुनास आणि लुब्लिनच्या शेतकऱ्यास सारखेंच; परंतु पडलेल्या भावाचा बोजा फक्त शेतकऱ्यानें वाहिला. त्याला आधीं विचारलें असतें, कोठारें, बंदरें आणि रुळांची सोय वेळींच केली असती, नुकसानभरपाई मंत्र्याच्या राजीनाम्यानंतर न येतां आधीं आली असती, तर तोच शेतकरी शेजाऱ्याच्या गाडीला वाट देण्यास आड आला नसता. २०२२ च्या मार्चमध्यें निर्वासितांसाठीं आपलें दार उघडणाऱ्यांत तोही होताच. युद्धांत मित्राला किती तोफा द्यावयाच्या हें ठरवितांना, त्याचा गहूं कोणत्या वाटेनें जाणार आणि त्या वाटेवर कोणाचें शेत आहे, हेंही त्याच बैठकींत ठरविलें पाहिजे.