विचारायला शिकलेला नवरा

मैत्रिणींनो, आपल्याकडे नवऱ्याचं कौतुक करायचं तर म्हणतात, ‘बायकोला काही कमी पडू देत नाही हो!’ बचत गटांच्या कामासाठी गावोगाव फिरताना हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! पण त्याच घरात जमीन विकली, नोकरी सोडली, कर्ज काढलं, हे बाईला सगळ्यांत शेवटी कळतं. कमी काहीच नसतं, फक्त तिला कुणी विचारलेलं नसतं.

म्हणूनच २९ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर वयाच्या शंभराव्या वर्षी गेले, तेव्हा मला त्यांच्या राजकारणापेक्षा त्यांचा संसारच आठवला. नौदलातला अधिकारी, शेंगांचा व्यापारी, राज्याचा गव्हर्नर, राष्ट्राध्यक्ष, २००२ सालचा शांततेचा नोबेल पुरस्कार, एवढं सगळं एका आयुष्यात झालं. पण रोझलिनशी लग्न झालं, हीच आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट, असं ते अखेरपर्यंत सांगत.

जॉर्जिया राज्यातलं प्लेन्स हे त्यांचं गाव. वस्ती जेमतेम काही शे माणसांची. जिमींची आई लिलियन नर्स होती. शेजारच्या घरातलं बाळंतपण तिनेच केलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाला बाळ बघायला नेलं. ते बाळ म्हणजे रोझलिन! पुढे तेरा वर्षांची असताना रोझलिनचे वडील वारले. आई शिवणकाम करून घर चालवायची. जिमींची बहीण रूथ ही रोझलिनची मैत्रीण. रूथच्या खोलीत भावाचा फोटो लावलेला होता, तो बघूनच ही मुलगी त्याच्या प्रेमात पडली. तरीही त्याने पहिल्यांदा मागणी घातली तेव्हा तिने ‘नाही’ म्हटलं. शिक्षण पुरं करीन, असा शब्द तिने वडिलांना दिला होता. जून १९४६ मध्ये जिमी ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले आणि ७ जुलैला गावच्या चर्चमध्ये दोघांचं लग्न झालं.

मग सुरू झाला बदल्यांचा संसार. नॉरफोक, हवाई, कॅलिफोर्निया, न्यू लंडन, शेनेक्टडी! पहिला मुलगा १९४७ साली, दुसरा १९५० साली हवाईत, तिसरा १९५२ साली. नवरा बरेचसे दिवस समुद्रावर, नंतर तर पाणबुडीत. बिलं, दुखणीखुपणी, घर बदलणं, सगळं रोझलिनच्या अंगावर. सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरांतल्या बायकांना हे काही वेगळं सांगायला नको. पण त्या धावपळीतच रोझलिनला स्वतःच्या बळाची ओळख झाली. गावापासून, दोन्हीकडच्या मोठ्या माणसांपासून लांब असलेलं हे आयुष्य तिला मनापासून आवडू लागलं.

जिमींचं कामही जोखमीचं होतं. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांच्या पहिल्या पथकात त्यांची निवड झाली होती. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हर इथे अणुभट्टीला अपघात झाला. ती उतरवायच्या मदतीला जे पथक गेलं, त्याचे प्रमुख हेच. किरणोत्सर्ग एवढा, की एकेका माणसाला आत जेमतेम दीड मिनिट थांबता यायचं. आधी मैदानात भट्टीचा नमुना उभारून सराव करायचा, मग आत धावत जाऊन दोन-चार स्क्रू काढायचे आणि बाहेर पडायचं. अशी शिस्त त्यांच्या अंगात भिनलेली होती.

जुलै १९५३ मध्ये जिमींचे वडील कॅन्सरने गेले. शेती, शेंगांचं गोदाम, गावात दिलेली उधारी सांभाळायला थोरला मुलगा हवा होता. जिमींनी नौदलाचा राजीनामा द्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे एकट्यानेच! बायकोला विचारलंच नाही. रोझलिन चिडल्या, रडल्या, पण निर्णय झालेला होता. गाडीतून गावाकडे परतताना त्या नवऱ्याशी बोलेनात. काही सांगायचं झालं तर मोठ्या मुलामार्फत निरोप! हा प्रसंग कार्टर पुढे स्वतःच सांगायचे.

अबोला आपल्याला काही नवा नाही. पण रोझलिन अबोल्यावर थांबल्या नाहीत. पहिल्याच वर्षी दुष्काळ पडला, हातात काही उरलं नाही. राहायला सरकारी वसाहतीतलं घर. तेव्हा त्या हिशेबाची पुस्तकं आणून शिकल्या आणि गोदामाच्या वह्या सांभाळू लागल्या. काही वर्षांत धंद्याचे बारकावे त्यांना नवऱ्यापेक्षा जास्त कळू लागले. कुठला माल परवडतो, कुठला नाही, हे जिमी त्यांनाच विचारू लागले. आकड्यांची वही हातात आली आणि बाईच्या शब्दाला वजन आलं! बचत गटाच्या अध्यक्ष-सचिव बायकांच्या घरी हाच बदल मी पाहिलाय.

अर्थात माणूस एका रात्रीत बदलत नाही. १९६२ साली राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवायचं ठरवतानाही त्यांनी रोझलिनना आधी विचारलं नव्हतं. म्हातारपणी मागे वळून बघताना त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटायचं. कारण मधल्या काळात सगळं बदललं होतं. १९७७ ते १९८१ या राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात रोझलिन मंत्रिमंडळाच्या बैठकांना बसत, टिपणं काढत. लोकांनी नावं ठेवली, पण दोघांनीही लक्ष दिलं नाही. १९७७ साली नवऱ्याच्या वतीने लॅटिन अमेरिकेतल्या सात देशांच्या प्रमुखांशी त्या बोलून आल्या.

१९८० ची निवडणूक हरली. गावी परतले तर शेंगांचा धंदा कर्जात बुडालेला. तो विकावा लागला. पण खचून न जाता दोघांनी मिळून १९८२ साली कार्टर सेंटर ही संस्था उभी केली. पायविहिरीच्या पाण्यातून होणारा नारू आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असेल. १९८६ साली जगात त्याचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. अनेक देशांच्या सरकारांना बरोबर घेऊन कार्टर सेंटरने काम केलं आणि २०२४ मध्ये हा आकडा अवघ्या १५ वर आला होता.

भांडणं मात्र या घरातही होती बरं का! १९८७ साली दोघांनी मिळून एक पुस्तक लिहिलं. तेव्हा एवढी जुंपली, की एकमेकांशी बोलणं बंद होऊन चिठ्ठ्या सुरू झाल्या. शेवटी वादाच्या परिच्छेदांपुढे ‘जे’ किंवा ‘आर’ लिहून ज्याचं मत त्याच्या नावावर टाकलं, तेव्हा मिटलं. रात्री झोपण्याआधी भांडण मिटवायचं, हा त्यांचा नेम होता.

आपल्या महाराष्ट्राशीही या घराचं नातं आहे. जिमींची आई लिलियन वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ मध्ये ‘पीस कोअर’ची स्वयंसेविका म्हणून आली आणि मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत जवळपास दोन वर्षं तिने नर्स म्हणून काम केलं. २००६ साली ८२ वर्षांचे जिमी आणि ७९ वर्षांच्या रोझलिन लोणावळ्याजवळ आले. शेकडो स्वयंसेवकांबरोबर गरिबांसाठी शंभर घरं बांधायच्या कामात दोघंही हातात हातोडी घेऊन उतरले.

घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्यांची काळजी कोण घेतो, हा प्रश्न रोझलिननी १९८७ मध्येच उचलला आणि त्यासाठी संस्था काढली. शेवटी त्यांनाच स्मृतिभ्रंश झाला. तोवर जिमींनीही रुग्णालयाच्या फेऱ्या थांबवून घरीच राहायचं ठरवलं होतं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी रोझलिन गेल्या. ७७ वर्षांचा संसार! ९९ वर्षांचे जिमी चाकाच्या खुर्चीवर, अंगावर पांघरूण घेऊन प्रार्थनासभेला आले. त्यांना बोलवत नव्हतं. तेव्हा लेक एमीने वडिलांचं एक पत्र वाचून दाखवलं. नौदलात असताना, ७५ वर्षांपूर्वी, दूर असलेल्या बायकोला लिहिलेलं. ९ जानेवारी २०२५ रोजी प्लेन्समधल्या घराच्या अंगणात, तिच्या शेजारी त्यांना विसावा मिळाला.

त्यांच्याकडून मी काय घेतलं, तर एवढंच, की न विचारणारा नवरा विचारणारा होऊ शकतो. त्याला वेळ लागतो आणि बाईनेही वही-पेन हातात घ्यावं लागतं. लेकीसाठी स्थळ बघताना आपण पगार विचारतो, शेती विचारतो, निर्व्यसनी आहे ना हेही विचारतो. आता आणखी एक प्रश्न विचारू या. घरात काही ठरवायचं असलं की हा मुलगा आईला, बहिणीला विचारतो का?