पहिल्या गिअरचा ‘ठक्क’

उभ्या मोटारसायकलचा क्लच दाबून पहिला गिअर टाकला, की खालून ‘ठक्क’ असा आवाज येतो. थंडीच्या सकाळी तर गाडी वीतभर पुढे उसळते, कधी बंदही पडते. नव्यानं गाडी घेतलेला माणूस दचकतो. आत काहीतरी तुटलं, असं त्याला वाटतं. मी कविता लिहिणारा, कलाशाखेचा बी. ए.; यंत्रांचं शिक्षण म्हणाल तर काहीच नाही. पण तीसेक वर्षं दुचाकीवर हिंडतो आहे, आणि आवाज ऐकला की तो कुठून आला हे शोधायची कानाला खोड आहे.

आपल्याला वाटतं, क्लच म्हणजे विजेच्या बटणासारखा : दाबला की इंजिन वेगळं, चाक वेगळं. तसं नसतं. क्लच म्हणजे गोल प्लेटांची चळत, टोपलीतल्या भाकऱ्यांसारखी. एक प्लेट खरखरीत अस्तराची, तिच्यावर एक नुसत्या पोलादाची, पुन्हा अस्तराची. अस्तराच्या प्लेटा इंजिनाबरोबर फिरतात, पोलादाच्या गिअरबॉक्सच्या दांड्याबरोबर. स्प्रिंगा ही चळत घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद पुढं जाते. आपण लिव्हर ओढतो तेव्हा फक्त स्प्रिंगांचा दाब निघतो. प्लेटांना हात धरून कुणी दूर करत नाही.

त्यात आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत या प्लेटा इंजिनाच्या ऑइलातच बुडालेल्या असतात. दोन ताटल्यांमध्ये साखरेचा पाक सांडला तर एक फिरवताना दुसरीही थोडी ओढली जाते ना? तसंच इथं होतं. क्लच दाबला तरी ऑइलाच्या थरामुळं गिअरबॉक्सचा तो दांडा फिरतच राहतो. दुसरा दांडा साखळीनं मागच्या चाकाला बांधलेला. चाक उभं, म्हणून तोही उभा. गिअर टाकणं म्हणजे या फिरत्याला आणि उभ्याला एकमेकांत अडकवणं. गिअरच्या चक्रांच्या बाजूला जाड गुटके असतात (इंग्रजीत त्यांना ‘डॉग’ का म्हणतात, देव जाणे), ते समोरच्या खाचेत जाऊन बसतात. फिरता दांडा जागच्या जागी थांबतो. तोच तो ‘ठक्क’. रात्रभर गाडी उभी असली की ऑइल गार आणि दाट होतं, प्लेटा एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून सकाळचा ठोका मोठा.

जुन्या जावा-येझदीवाल्यांना यातली वेगळीच गंमत ठाऊक असेल. तिथं किक आणि गिअरचा दांडा एकच, आणि तो गिअरसाठी पायानं दाबला की क्लच आपोआप सुटायचा.

माझा भाचा पहाटे पाव पोचवतो. त्यानं जुनी गाडी विकत घेतली आणि आठवड्यात माझ्याकडं आला. ‘‘मामू, गॅरेजवाला म्हणतोय गिअरबॉक्स खोलावा लागेल. पाच हजार सांगितलेत. गाडी परत देऊ काय?’’ पाच हजार म्हणजे त्याची महिन्याची निम्मी कमाई, आणि गाडी उभी राहिली तर तेवढे दिवस धंदा बंद. मी गाडी मेन स्टँडवर लावायला सांगितली. इंजिन तापू दिलं, क्लच दाबून पहिला गिअर टाकायला लावला. अधांतरी चाक हळूहळू फिरू लागलं. एवढं फिरणं रास्तच. पण मागचा ब्रेक लावला तर चाक अलगद थांबायला हवं. इथं इंजिनही गुदमरायला लागलं. म्हणजे क्लच पुरता सुटत नव्हता. लिव्हर पाहिली तर दोन बोटं सैल! लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर ढिलाई असावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. केबलचा स्क्रू फिरवला, उसळणं थांबलं. आवाज मात्र गेला नाही, कमी झाला. तो पुरता जायचाही नाही.

केबल नीट असूनही गरम गाडी क्लच दाबल्यावर पुढं ओढत असेल, तर मात्र खोलावं लागतं. पोलादी प्लेटा वाकलेल्या असतात, किंवा अस्तराच्या प्लेटा बसतात त्या हाउसिंगला खाचा पडलेल्या असतात. याच्या उलट, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे : प्लेटा झिजल्या, केबल फार ताणलेली, किंवा कुणीतरी स्वस्तात मिळालं म्हणून मोटारीचं ऑइल ओतलं. त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं या प्लेटांना मारक. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं पाहून घ्यावं.

सकाळी किक मारण्याआधी गाडी गिअरमध्ये टाका, क्लच दाबून दोनदा मागंपुढं ढकला. चिकटलेल्या प्लेटा सुटतात. मग न्यूट्रल करून चालू करा, अर्धा मिनिट थांबा. क्लच दाबल्यावर दोन-तीन सेकंदांनी गिअर टाका, फिरता दांडा तेवढ्यात मंदावतो. सिग्नलला न्यूट्रल सापडत नसेल तर गाडी पुरती थांबण्याआधीच, सरकत असताना, ते काढावं. आणि पुढं रस्ता ओलांडणारी माणसं असतील तर पहिला टाकताना उजवा पाय ब्रेकवर असू द्या. उजवीकडं गिअर असलेल्या जुन्या बुलेटवाल्यांनी डावा.