रत्नागिरीस जातांना



भंडारा जिल्ह्यांतील शाळांतून मीं ३४ वर्षें भूगोल शिकविला. भरती-ओहोटीचा धडा दरसाल येई. "भरती कशामुळें येते?" असें विचारलें कीं सारा वर्ग एका सुरांत "चंद्राच्या आकर्षणामुळें" असें उत्तर देई, आणि मी समाधानानें फळा पुसून टाकीत असें. समुद्र मात्र मुलांनींहि पाहिला नव्हता आणि मास्तरांनींहि नाहीं. सेवानिवृत्त झाल्यावर एका दिवाळीच्या सुटींत भंडारा रोड स्टेशनवरून मुंबई व तेथून कोकण रेल्वेनें, नातवाला घेऊन, मी रत्नागिरीस गेलों. तेथें काय पाहावें व काय खावें हें आज सांगावयाचें आहे. पण आधीं मला तेथें मिळालेला धडा सांगतों.

कार्तिक शुद्ध सप्तमीचा दिवस होता. दुपारीं साडेतीनच्या सुमारास आम्ही एका खडकाळ किनाऱ्यावर शिंपले वेचीत होतों. वैनगंगेच्या कांठीं वाढलेला माणूस सर्व पाण्याकडे नदीच्याच नजरेनें पाहतो. नदी चढते ती पावसानें. आकाश निरभ्र असतांना पाणी चढेल अशी शंकाहि त्यास येत नाहीं. आमच्या खडकामागची वाळूची पट्टी केव्हां बुडाली तें कळलेंहि नाहीं. जवळच जाळें आवरीत असलेला एक वृद्ध कोळी कमरेइतक्या पाण्यांतून आला, त्यानें नातवास खांद्यावर घेतलें, माझा हात धरला, आणि कोरड्यावर आल्यावर एवढेंच विचारलें, "पाव्हणे, आज तिथ कोणती?"

त्यानें सांगितलेली रीत कोकणांत पोराबाळांस ठाऊक आहे. शुद्ध पक्ष असो वा वद्य, तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी. येईल तो पूर्ण भरतीचा सुमाराचा तास. चतुर्थीस चारांची पाऊणपट तीन. म्हणून दुपारीं तीनला व पहांटे तीनच्या सुमारास भरती पुरी होते आणि नवाच्या सुमारास ओहोटी. आमच्या सप्तमीची पाऊणपट सव्वापांच. अर्थात् साडेतीनला पाणी भराभर चढत होतें. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, त्याच्यामागोमाग भरतीहि पुढें सरकते. पाऊणपटीनें ती रोज ४५ मिनिटें धरली जाते. हिशेब ढोबळ आहे, गांवोगांव फरक पडतो. म्हणून पाण्याजवळ जाण्यापूर्वीं तेथील माणसास विचारावेंच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें, तेव्हां विशेष जपावें.

हा हिशेब जमला कीं दिवसाची आंखणी आपोआप होते. ओहोटी असेल तेव्हां मांडवीच्या काळसर वाळूवर फिरावें. भरती असेल तेव्हां उंचावर जावें. रत्नदुर्गास तीन बाजूंनीं समुद्र आहे. शिवाजी महाराजांनीं तो १६७० सालीं घेतला, आणि आंत भगवतीचें देऊळ आहे. दुसऱ्या टेकडीवर थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनीं १८८५ सालीं त्यास पदच्युत केलें व पुढें रत्नागिरींत ठेवलें. १९१६ सालीं तो येथेंच वारला. उन्हाच्या वेळीं टिळक आळींतील लोकमान्यांचें जन्मघर पाहावें. १८५६ सालीं ते तेथें जन्मले. भागोजीशेट कीर यांनीं बांधलेलें पतितपावन मंदिर १९३१ सालचें. सर्व हिंदूंस तें खुलें झालें व तेथें सहभोजनेंहि झालीं. एका पंगतीस बसणें हेंच ज्या काळीं धाडस होतें, त्याची ती खूण आहे.

आतां जेवणाविषयीं. आपण भंडारेकर तळ्याकांठचे भात-मासे खाणारे. त्यामुळें तेथील ताट आपणांस परकें वाटत नाहीं. आपल्या झिंग्यांच्या जागीं कोलंबी येते, चिंचेच्या जागीं आमसूल, आणि शेवटीं सोलकढी. खाणावळ निवडतांना पाटीवरची लांबलचक यादी पाहूं नये, "आज बंदरावर काय आलें?" असें विचारावें. ज्यास उत्तर देतां येतें त्याच्याकडे बसावें. बांगडा ताजा असेल तर शिळ्या पापलेटाहून केव्हांहि बरा. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांस मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरूं नये, सुकट-भातावर समाधान मानावें. शाकाहारी मंडळींनीं उकडीचे मोदक व कुळथाचें पिठलें मागावें. उन्हाळ्यांत गेल्यास ओल्या काजूंची उसळ, फणसाची भाजी आणि हापूस आहेतच.

माझे जुने विद्यार्थी आज कोठें तरी हें ऐकत असतील, आणि त्यांचीं मुलें सुटींत समुद्र पाहावयास निघालीं असतील. त्यांना माझी विनंति अशी कीं, मास्तरांनीं शिकविलेलें उत्तर चूक नव्हतें, पण अपुरें होतें. चंद्राचें आकर्षण सांगून झाल्यावर मुलांना तिथीची पाऊणपटहि शिकवा.